फिक्स्चर मशीनला, सबब माणसाला

“सर, मुलगा चांगला आहे हो, पण आमच्याकडे त्याच्याजोगं काम नाही.”

एवढं बोलून तू फोनवर मोकळा झालास. मग आवाज मऊ करून माझ्या तब्येतीची चौकशी केलीस. तब्येत ठणठणीत आहे. आता गुमान ऐक. समोर बसून बोललो असतो तर मीटिंगचं निमित्त काढून सटकला असतास, म्हणून लिहून पाठवतोय.

त्याच्याजोगं काम नाही, हे तुला कळलं कसं? त्याच्या हातात पार्ट दिलास? लाइनवर तासभर उभं करून पाहिलंस? भेटायला बोलावलंस तरी? नाही. तू फक्त त्याचं प्रमाणपत्र पाहिलंस. ‘बौद्धिक दिव्यांगत्व, 50 टक्के’ या ओळीवर बोट ठेवलंस आणि फाइल मिटलीस. अरे, सरकारी सवलती कुणाला द्यायच्या हे ठरवायला तो टक्का काढतात. चाळीस किंवा त्याहून जास्त असला की सवलत लागू. हात किती सफाईनं चालतो, वेळेवर येतो का, हातात घेतलेलं काम तडीस नेतो का, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. मायक्रोमीटरनं जाडी मोजतात, ताप मोजत नाहीत. पहिल्या सहामाहीत शिकवलं होतं तुला. विसरलास?

तू ढ असतास तर मी एवढी शाई खर्चली नसती. तू ढ नव्हतास, हीच माझी तक्रार आहे. फायलिंगचा जॉब काटकोनात आला नाही तर ट्राय-स्क्वेअर उजेडाकडे धरून फट बघायचास आणि मी सांगायच्या आत जॉब पुन्हा व्हाइसला लावायचास. आज चाकणला तीनशे माणसं तुझ्या हाताखाली आहेत. ती उगाच नाहीत.

तुझा कारखाना दाखवायला मला नेलंस, तेव्हाचं आठव. एक ऑपरेटर ब्रॅकेट सारखा उलटा बसवत होता. तू काय केलंस? त्याला काढलंस? त्याच्या अकलेचा टक्का काढलास? नाही. फिक्स्चरला एक पिन बसवलीस. उलटा पार्ट आत जाईचना. ‘पोका-योके, सर,’ असं छाती फुगवून सांगितलंस. मलाही बरं वाटलं. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यानं साठच्या दशकात कारखान्यांत रुजवलेला विचार आहे तो. माणसाला दोष देत बसू नका, कामाची रचनाच अशी करा की चूक व्हायला जागा उरणार नाही. तुझ्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे. मग तुझी ही अक्कल ब्रॅकेटपाशीच का थांबते? मशीनवर काम अडलं की तू फिक्स्चर करतोस. माणसापाशी अडलं की सबब सांगतोस. का?

मी ज्याच्यासाठी शब्द टाकला त्या मुलाचं काम कसं चालतं ते ऐक. एक ते वीस तो घडाघडा म्हणतो. पण समोर क्लिपा ठेवून मोज म्हटलं की सातच्या पुढे गडबडतो. कुठली मोजली, कुठली राहिली, लक्षात राहत नाही. पाकिटात तर बारा भरायच्या. दिव्यांग मुलांच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही लाकडाची फळी घेतली आणि तिला बारा खाचा पाडल्या. खाचेत एकेक क्लिप ठेवायची. सगळ्या खाचा भरल्या की फळी फनेलवर कलती करायची, पिशवी सील करायची. रिकामी खाच दिसली की त्याचा हात आपोआप तिथे जातो. मोजायचं काम आता फळी करते. भरलेली पाकिटं आम्ही काट्यावर टाकून बघतो. वजन बरोबर येतं. अरे, ती फळी म्हणजे तुझी पिनच की! तोच विचार, तीच पद्धत. आणि खर्च म्हणशील, तर आलेल्या पाहुण्याला तू देतोस त्या एका पुष्पगुच्छाएवढा.

तो मुलगा कुणी देवाचा अवतार नाही, हेही सांगून ठेवतो. कंटाळतो. चहाची वेळ चुकली की घुश्शात बसतो. रोजचा क्रम अचानक बदलला की बावरतो. मग? तुझे ऑपरेटर कंटाळत नाहीत? तुझा सुपरवायझर घुश्शात बसत नाही? त्यांना तू सांभाळून घेतोस, कारण त्यांचं काम तू पाहिलंयस. याचं काम पाहायचीच तुझी तयारी नाही.

या फळीला कायद्यातही जागा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016. माणसाला इतरांच्या बरोबरीनं वावरता यावं, काम करता यावं म्हणून लागतील ते योग्य बदल करून द्यायचे, फक्त त्यांचा अवाजवी बोजा पडता कामा नये. इतकं सरळ आहे ते. असे बदल नाकारणं हा भेदभावच, असं त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलंय. 2021 साली विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तेच ठणकावून सांगितलं. पुढे ऐक. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेनंही समान संधी धोरण करायचं, सगळ्यांना दिसेल असं लावायचं, दिव्यांगांना योग्य अशा पदांची यादी त्यात द्यायची आणि प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. तुझ्याकडे तीनशे माणसं आहेत. धोरण कुठाय? असलंच, तर कुणाचं उतरवून घेतलंयस? पदांची यादी करायला शॉप फ्लोअरवर स्वतः फिरलास का? आयुक्तालय पुण्यातच आहे. लांबचं कारण सांगू नकोस.

सरकारी आस्थापनांना 4 टक्के जागा राखाव्या लागतात. खाजगी कंपन्यांवर तशी सक्ती नाही. त्यांना उत्तेजन देऊन किमान 5 टक्के दिव्यांग कामावर यावेत, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. सक्ती नाही म्हणून तू निवांत. छडी दिसल्याशिवाय हलायचं नाही, ही सवय शेवटच्या बाकावरच्यांची. तू पहिल्या बाकावर बसायचास.

‘सर, रिस्क आहे. काही झालं तर?’ ही तुझी दुसरी सबब. ठीक, रिस्कबद्दलच बोलू. पॉवर प्रेसखाली बोटं कुणाची जातात? धडधाकट माणसांची. दोन्ही डोळे, दोन्ही कान शाबूत असलेल्यांची. आणि का जातात? उत्पादन मागे पडतं म्हणून सेन्सर बंद करून ठेवलेला असतो. एकच माणूस सलग दुसरी शिफ्ट ओढत असतो. नवं पोर धड न शिकवता प्रेसवर उभं केलेलं असतं. एमआयडीसीच्या आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये बोटं गमावून घरी बसलेली तरणी माणसं तू पाहिलेली आहेस. कारखान्यानं माणूस अपंग करायचा, घरी पाठवायचा, आणि वर अपंगाला घेण्यात रिस्क आहे म्हणायचं. जीभ कशी रेटते रे? जागा सुरक्षित करायची तर ती सगळ्यांसाठीच करावी लागते. फोर्कलिफ्टच्या हॉर्नला लखलखणाऱ्या दिव्याची जोड दे. कर्णबधिर मुलाला गाडी कळेल. प्रेसच्या खडखडाटात ज्याला हॉर्न ऐकूच येत नाही, त्या तुझ्या जुन्या ऑपरेटरलाही कळेल.

तिसरी सबब तर तुझ्या फार आवडीची. ‘मागे एकाला घेतलं होतं, टिकला नाही.’ का टिकला नाही, विचारलंस कधी? मी विचारलं. त्याच्या बहिणीला मध्ये बसवून, खुणांच्या भाषेत. शिफ्ट बदलल्याची सूचना लाउडस्पीकरवरून दिली गेली. त्याला ऐकू येत नाही. तो जुन्या वेळेला आला, गेटवर अडवला गेला, गैरहजेरी लागली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला. याला हलणारे ओठ दिसले, गुन्हा कळला नाही. जेवायच्या सुट्टीत चौघं हसली की याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. शेवटी डबा उचलून घरी गेला तो आलाच नाही. एक व्हॉट्सॲप मेसेज पुरला असता. गेटजवळ एक फळा पुरला असता. मुंबईत ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरिअर्स ही कंपनी कर्णबधिर माणसांच्या जोरावर उभी केली. निरोपांची देवघेव एसएमएसवर. पत्ता वाचायचा, रस्ता शोधायचा, पार्सल पोचवायचं. यात कान कुठे लागतो? तेव्हा तो मुलगा टिकला नाही असं पुन्हा म्हणू नकोस. तू त्याला टिकू दिलं नाहीस.

‘संस्थांचं ट्रेनिंगच कुचकामी असतं,’ हे तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. वर्षानुवर्षं तेच ते. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, रंगवलेल्या पणत्या. मेणबत्तीत वाईट काही नाही. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी, स्वतःला दृष्टी नसताना, 1994 पासून मेणबत्त्यांचा धंदा उभा केला आणि दृष्टिहीन माणसांना त्यात काम दिलं. माल विकला जावा म्हणून बनवला, कुणी कीव करून घ्यावा म्हणून नाही. बहुतेक ठिकाणी मात्र दिवाळीला स्टॉल लागतो, लोक कौतुक करतात, चार पणत्या घेतात आणि दिवाळी सरली की मुलांचे हात रिकामे. हे असं का होतं? कारण तुमच्या लाइनवर काय लागतं हे संस्थेतल्या बाईंना माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो सांगायला येत नाही. तू आला होतास. प्रमाणपत्रं वाटायला. शाल घेतलीस, नारळ घेतलास, पाऊण तास बोललास. त्यातली दहा मिनिटं वर्कशॉपमध्ये उभा राहून ‘बाई, हे बंद करा, हे शिकवा, मी पार्ट पाठवतो’ एवढं म्हणाला असतास, तर भाषणापेक्षा जास्त काम झालं असतं.

आणि एक गोष्ट नीट समजून घे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचं शिकणं पुष्कळदा त्या जागेला चिकटलेलं असतं. इथल्या टेबलावर शिकलेलं तिथल्या टेबलावर आपसूक जात नाही. म्हणून आधी वर्षभर बाहेर शिकवायचं आणि मग नोकरी शोधायची, हा क्रमच त्याच्यासाठी उलटा आहे. आधी जागा द्यायची आणि त्या जागेवरच शिकवायचं. शेजारी प्रशिक्षक उभा करायचा, आणि जमत जाईल तसा त्यानं मागे सरकत जायचं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात 1996 साली ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झालं ते असंच. आपत्कालीन विभाग सांभाळणाऱ्या बाईंपुढे प्रश्न होता की कपाटांत सामान भरून ठेवायच्या कामावर माणसं टिकत नाहीत. त्यांनी त्या कामाकडे नीट पाहिलं आणि बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना तिथेच शिकवायला घेतलं. पुढे ही पद्धत कितीतरी देशांत गेली. त्या बाई दान करायला निघाल्या नव्हत्या. त्यांना कामाची अडचण सोडवायची होती. तुझ्या पॅकिंगवर कंत्राटी पोरं किती दिवस टिकतात? दर महिन्याला नवे चेहरे असतात ना? मग अडचण तुलाही आहे. उत्तर शोधायला मात्र नको.

‘माणसं मिळत नाहीत’ म्हणतोस. शोधलीस कुठे? 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. देशभरातल्या दिव्यांगांपैकी काम करणारे जेमतेम 36 टक्के होते. मुंबईला शीवमध्ये 1968 पासून केंद्र सरकारचं केंद्र आहे, दिव्यांगांची क्षमता तपासून त्यांना नोकरीसाठी तयार करणारं. कधी फोन केलास? पुण्याला जाताना खडकीवरून जातोस. तिथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. 1917 साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हाताला हुन्नर देण्यासाठी सुरू झालेली संस्था. शंभर वर्षांपूर्वी लोकांना जे सुचलं, ते तुला आज कुणी समजावून सांगायचं?

‘आईबापच पाठवत नाहीत.’ हो, काही पाठवत नाहीत. घाबरतात. बसस्टॉपपासून गेटपर्यंत रस्ता कोण ओलांडून देईल? कुणी टिंगल केली तर? चार दिवसांनी काढून टाकलं तर पोर पार खचेल त्याचं काय? हे प्रश्न वेडगळ आहेत का? तू त्या आईला एकदा कारखान्यात बोलाव. टेबल दाखव, संडास दाखव, ज्याच्या शेजारी तो बसणार त्या माणसाची ओळख करून दे. आईला धीर देणं हा भरतीचाच भाग आहे. आणि उशीर करू नकोस. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढे वर्कशॉपमध्ये जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पोर घरात, टीव्हीसमोर. घासूनपुसून दिलेलं सगळं तिथे गंजतं. बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईंची मेहनत तुझ्या ‘बघू’मध्ये वाया जाते.

आता तुझ्या सीएसआरकडे येतो. नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे, ते तू करतोस. 3 डिसेंबरला व्हीलचेअर वाटतोस. फोटो पाहिला मी. त्यातल्या एका व्हीलचेअरवर बसून कुणी तुझ्या ऑफिसात अर्ज द्यायला आलं, तर दारातल्या तीन पायऱ्या कशा चढेल? पायऱ्यांच्या बाजूला उतार करायला किती सिमेंट लागतं, तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कार्यक्रमात मुलांचं नृत्य पाहून तुझ्या डोळ्यांत पाणी येतं. खरं असतं ते पाणी, मी ओळखतो तुला. पण त्या पाण्यावर कुणाची चूल पेटत नाही. दान देऊन तू वरच्या पायरीवर राहतोस. पगार दिलास तर त्याला शेजारी बसवावं लागेल. तुला जड जातंय ते हे. मन मोठं असल्याचं समाधान तुला हवंय, आणि त्यासाठी रोजच्या कामात काही बदलायला नको. ही स्वतःची फसवणूक आहे. दुसऱ्या कुणाला नाही, तू स्वतःलाच गंडवतोयस.

न पाहता निकाल देणारे तुझ्याआधीही होते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाल्या, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, देशात 124 व्या आल्या, आणि 2019 साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. हे ऐकून तू टाळ्या वाजवशील. टाळ्या नकोत. मला सांग, प्रत्येकानं प्रांजल पाटीलच व्हायला हवं का? डोंगर चढून दाखवल्याशिवाय सपाटीवर चालायची परवानगी नाही का? साध्या मुलाला साधी नोकरी मिळाली पाहिजे. बारा क्लिपांचं पाकीट भरायला, महिन्याला पगार घ्यायला, आईच्या हातात पैसे ठेवायला. तू कुठे देशात पहिला आला होतास? तुला संधी मिळाली, तू शिकत गेलास, चुकत गेलास, कुणीतरी सांभाळून घेतलं. त्यालाही तेवढंच हवंय.

तेव्हा आता कामाला लाग. येत्या सोमवारी वही घेऊन पॅकिंगपासून इन्स्पेक्शनपर्यंत स्वतः फिर. एचआरच्या नव्या पोरीला पाठवू नकोस. प्रत्येक कामाचे टप्पे लिही. काय उचलायचं, कुठे ठेवायचं, झालं हे कशावरून कळतं. कुठल्या टप्प्याला खरोखर डोळे लागतात, कुठल्याला कान, कुठे मोजावं लागतं, तिथे खूण कर. मग त्या खुणांवर तीच अक्कल चालव जी ब्रॅकेटवर चालवलीस. गो-नो गो गेज हाताला कळतो. दृष्टी नसलेला माणूस बोटांनी तपासणी करू शकेल अशी कामं तुझ्या शॉपमध्ये निघतील. ऑफिसात बसणाऱ्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. फक्त पत्रकांचे फोटो काढून पाठवणं बंद करा, फोटोतली अक्षरं तो धड वाचत नाही. टाइप केलेलं पाठवा.

पहिले काही आठवडे आमचे प्रशिक्षक त्या मुलाच्या शेजारी उभे राहतील. गेटवर अडवू नकोस त्यांना. जेवायला त्याच्यासोबत बसेल असा एक समजूतदार कामगार निवड. सुपरवायझरला आधी बोलावून सांग, सूचना एका वेळी एकच द्यायची आणि करून दाखवायची. चुकला तर इतरांना सांगतोस तसं त्यालाही स्पष्ट सांग. लाड करू नकोस. कोपऱ्यात खुर्ची देऊन ‘बस बाबा’ म्हणू नकोस, तो त्याचा अपमान आहे. काम पूर्ण घे. आणि काम पूर्ण घेतलंस तर पगारही पूर्ण दे. कीव करून अर्ध्यावर आणलेला पगार मी खपवून घेणार नाही.

तीन महिन्यांनी त्याला जमलं नाही तर मला बोलाव. आपण टप्पे पुन्हा तपासू, फळी बदलू, जागा बदलू. जॉब वाकडा आला तर तो पुन्हा व्हाइसला लावायचा, फेकायचा नाही, हे तुला कळतं. वळत का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. मशीनवरची दहा कारणं तू रोज दहा मिनिटांत खोडून काढतोस. स्वतःच्या कारणांवर तीच फाइल चालव.

अर्ज त्या मुलानं पुन्हा केलाय. स्वतःच्या हातानं सही केलीय. या वेळी उत्तर फोनवरून मला देऊ नकोस. त्याला बोलाव, फळी त्याच्यासमोर ठेव, काम बघ आणि उत्तर त्याला दे. पुढच्या महिन्यात मी तुझ्या लाइनवर येणार आहे, आणि त्याच्यासाठी तू काय बनवलंस ते मला बघायचंय.